बारा सह्या

१९८४ च्या ऑगस्ट महिन्यात माझ्या एका वाक्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीची कॅनडातली नर्सिंगची नोंदणी अडली. वाक्य खरे होते. ते कोणी विचारले नव्हते.

बहीण दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर तिकडे गेली होती. तो ड्राफ्ट्समन, त्याला लगेच काम मिळाले. ती मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमधून १९७३ साली साडेतीन वर्षांचा कोर्स करून बाहेर पडली होती आणि पुढे नऊ वर्षे त्याच रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स होती. तिकडे तिला एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून घेतले. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणे, कपडे बदलणे, भरवणे. एका पत्रात तिने लिहिले होते: "काल एका आजींच्या कपाळाला हात लावून मी सांगितलं, ताप आहे. नर्स म्हणाली, ते बघणं तुझं काम नाही. तासाभराने तिने थर्मामीटर लावला. ताप होताच. मला इथे थर्मामीटर हातात धरायची परवानगी नाही."

नर्स म्हणून नोंदणी हवी असेल तर तिथली परीक्षा द्यावी लागे, आणि परीक्षेला बसू देण्याआधी त्या प्रांताच्या कौन्सिलला तिच्या शिक्षणाचा तपशील हवा होता. चार पानी फॉर्म होता. प्रत्येक विषयाचे वर्गातले तास किती, वॉर्डातले तास किती. तो नर्सिंग स्कूलनेच भरायचा आणि बंद लखोट्यात, चिकटवलेल्या जागेवर सही करून, परस्पर पाठवायचा होता. अर्ज मे महिन्यात दाखल झाला होता. वर्षभरात सगळे कागद पोहोचले नाहीत तर फाइल बंद होणार होती. त्यानंतर नव्या अर्जाला नवे नियम. पूर्ण शिक्षण तिथेच पुन्हा घ्यावे लागेल, असे तिला सांगण्यात आले होते. ती चौतीस वर्षांची होती, मुलगी सात वर्षांची. पुन्हा तीन वर्षे शिकणे होणार नाही, हे तिने पत्रात एका ओळीत लिहिले होते.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि मुलुंडला आईबरोबर राहत होतो. माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. फॉर्मचे काम माझ्याकडे आले.

स्कूलच्या प्रमुख बाईंना सगळे मेट्रनबाई म्हणत. बहीण विद्यार्थिनी असताना त्या तिथे शिकवत होत्या. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. फॉर्म त्यांनी क्लार्ककडे दिला नाही. "असल्या कागदाला एक आकडा चुकला तर मुलगी जन्मभर बोंबलत बसते," असे म्हणून त्यांनी कपाटातून जुनी रजिस्टरे काढली आणि स्वतः भरायला घेतला. स्कूलमध्ये शिक्षण आठवड्यांत आणि दिवसांत मोजत. तासांत कोणी मोजले नव्हते. बाई पेन्सिलीने गुणाकार करत, मी समोर बसून तो तपासत असे. दोन मंगळवार गेले. मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती, सगळे तास पुरे भरले. मनोरुग्ण शुश्रूषेचे आठ आठवडे शहराबाहेरच्या मनोरुग्णालयात झाले होते. तेही भरले.

तिसऱ्या मंगळवारी शेवटचे पान होते. त्यात एक रकाना होता: हक्काच्या रजेखेरीज गैरहजर दिवस, कारण, आणि ते भरून काढले काय. बाईंनी रजेचे रजिस्टर पाहिले.

"आजारपण, सहा दिवस. परीक्षेनंतर भरून काढले." गैरहजेरीचे दिवस असे शेवटी भरून काढण्याला मुली एक्स्टेन्शन म्हणत. "बाकी निरंक."

बाईंनी पेन उचलले. मी म्हणालो, "मॅडम, वडील वारले तेव्हाचे दिवस राहिले. ती चौदा दिवस गावाला होती."

कार्यालयात रोज दुसऱ्याच्या मजकुरातली गाळलेली गोष्ट दाखवून देणे हे माझे काम होते. ते वाक्य त्याच सवयीने आले.

"कधी वारले?"

मी महिना, तारीख आणि तिथी सांगितली. वडील गिरणीतून आजारी होऊन मालवणजवळच्या गावी परत गेले होते आणि १९७२ च्या मे महिन्यात तिथेच गेले. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. बहीण तार मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीने पोहोचली आणि तेरावे झाल्यावर निघाली. ती रजेवर आहे, असे मी बारा वर्षे धरून चाललो होतो.

बाईंनी पेन खाली ठेवले. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी त्या वर्षीचे मनोरुग्णालयातले मस्टर काढले. नाडीने बांधलेले होते. मे महिन्याचे पान उघडून त्यांनी माझ्याकडे फिरवले. त्या चौदा दिवसांत दोन साप्ताहिक सुट्ट्या होत्या. उरलेल्या बारा दिवसांत बहिणीच्या नावापुढे दुपारच्या पाळीला बारा सह्या होत्या.

त्यांनी पान पुन्हा आपल्याकडे फिरवले. मग बोट ठेवून म्हणाल्या, "ही तिची सही नाही. ती नावाखाली रेघ मारायची. इथे रेघ नाही. आणि ही शाई बघा. दोन ओळी वर जी आहे ना, तीच."

दोन ओळी वर बहिणीच्या मैत्रिणीचे नाव होते. दोघी एकाच बॅचच्या, हॉस्टेलवर एकाच खोलीत. मैत्रीण मूळची मराठवाड्याकडच्या बौद्ध कुटुंबातली, राहायला घाटकोपरला. ती आता त्याच रुग्णालयात, आम्ही बसलो होतो त्याच्या खालच्या मजल्यावर, स्टाफ नर्स होती.

"तुम्ही पेपरात काम करता ना?" बाईंनी विचारले.

"हो."

"म्हणजे तारीख चुकली, असं म्हणायला तुम्हाला जागा नाही."

बाईंनी मस्टर बंद केले.

"मी हे वर कळवणार नाही. कळवलं तर दोघींची सर्टिफिकेटं जातील. पण आठ आठवडे असं लिहून सहीही करणार नाही. दहा मिनिटांपूर्वी केली असती. आता नाही."

फॉर्म त्यांनी फाइलीत ठेवला. मी निघालो.

बातमी माझ्या आधी खाली पोहोचली होती. दाराशी उभ्या शिपायाने सगळे ऐकले होते, आणि बाईंनी त्याच्याचबरोबर मैत्रिणीला बोलावणे धाडले होते. ती जिन्यात भेटली. बहिणीच्या लग्नाआधी ती आमच्याकडे महिन्यातून दोनदा जेवायला येत असे आणि माझ्याशी अजून शाळकरी पोराशी बोलावे तशीच बोलत असे.

"काय बोललास रे आत?"

"जे झालं ते."

"जे झालं ते! शहाण्या, तुला कोणी विचारलं होतं? बाई निरंक लिहीत होती ना? पेन हातात होतं ना तिच्या?"

"मला माहीत नव्हतं. मला वाटलं ती रजेवर होती."

"रजा कुठली? आईच्या ऑपरेशनला संपवल्या होत्या सगळ्या. आणि ते पोस्टिंग चुकलं असतं तर पुढच्या बॅचबरोबर, सहा महिन्यांनी. तोवर परीक्षेला बसू देत नव्हते. मीच म्हटलं तिला, जा तू, बापाला बघ, मी आहे इथे." तिने आवाज खाली आणला. "सकाळची ड्यूटी माझी करायची, दुपारची तिची. बारा दिवस. पाय सुजून हे एवढे झाले होते. तिथल्या बायकांना जेवण मिळालं, गोळ्या मिळाल्या, वेण्या घातल्या त्यांच्या. एक दिवस चुकला नाही. कोणाचं काय गेलं, सांग ना. तू हुशार आहेस."

मी भिंतीकडे सरकून तिला वर जायला वाट दिली.

"यंदा सिस्टर इन्चार्जच्या बढतीसाठी नाव गेलंय माझं," ती म्हणाली. "तिचीही वाट लावलीस नि माझीही. जा, छाप आता पहिल्या पानावर."

ती वर गेली.

घरी आईला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. "बापाशीच्या तेराव्याक ती थंय होती," आई म्हणाली, "ता काय लपवूचा?" थोड्या वेळाने तिने विचारले, "आता ती तिकडे म्हाताऱ्यांचेच कपडे बदलीत रवतली काय?"

बहिणीला मी सविस्तर लिहिले. पत्र जायला पंधरा दिवस, यायला पंधरा दिवस लागत. या महिनाभरात मी रुग्णालयात गेलो नाही. सप्टेंबरच्या शेवटी तिचे आंतरदेशीयाएवढेच निळे हवाईपत्र आले. ते माझ्याजवळ आहे. त्यात माझ्याबद्दल एक वाक्य आहे: "तुला कल्पना नव्हती, मी सांगायला हवं होतं." पुढे लिहिले होते: "बाईंचं बरोबर आहे. ती ड्यूटी मी केलेली नाही. मला इतकी वर्षं ते आठवलंही नाही, कारण मला वाटायचं आम्ही दोघी मिळून सगळं पुरं केलं. बाईंना एवढंच विचार की माझं बारा दिवसांचं एक्स्टेन्शन राहिलं आहे, ते आता करता येईल का. मी येते."

पत्र घेऊन मी बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा लावून ते दोनदा वाचले. "विचार करून सांगते," म्हणाल्या. आठवड्याने त्यांचा निरोप आला.

निरोपात तीन गोष्टी होत्या. चालू बॅच जानेवारीत मनोरुग्णालयात जाणार होती, तिच्याबरोबर बहिणीने बारा दिवस ड्यूटी करावी. युनिफॉर्म विद्यार्थिनीचा असेल, स्टाफचा नाही. आणि जुन्या मस्टरमधल्या बारा सह्या जिने केल्या तिने स्वतः येऊन खोडाव्यात आणि प्रत्येकीपुढे आपली आद्याक्षरे घालावीत.

तिसऱ्या अटीचा अर्थ मैत्रिणीला लगेच कळला. आजवर तिच्याविरुद्ध फक्त बाईंची नजर होती. आता तिच्याच हातचा कागद होणार होता. बढतीची यादी डिसेंबरात लागणार होती. तिने बाईंना हो किंवा नाही काही सांगितले नाही. ऑक्टोबर गेला. दिवाळीनंतर मी घाटकोपरला तिच्या घरी गेलो. तिने चहा दिला, नवऱ्याशी माझी ओळख "हा माझ्या कॅनडाच्या मैत्रिणीचा भाऊ, फार खरं बोलतो," अशी करून दिली आणि त्या विषयावर बोलली नाही. निघताना दारात म्हणाली, "तिला तिकीट काढ म्हणावं. थांबू नको म्हणावं माझ्यासाठी."

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी तिने मला रुग्णालयात बोलावले. साक्षीला, असे ती म्हणाली. बाईंनी मस्टर उघडून दिले, लाल शाईचे पेन दिले. मैत्रिणीने पट्टी घेतली आणि बारा सह्यांवरून बारा रेघा मारल्या. प्रत्येक रेघेपुढे आद्याक्षरे घातली. सहा-सात मिनिटे लागली. पेन परत देताना ती म्हणाली, "मॅडम, सह्या खोडल्या. काम कसं खोडायचं?"

"काम खोडायचं नाही," बाई म्हणाल्या. "ते तुझं आहे."

त्यांनी मस्टरच्या तळाला शेरा लिहिला. तो मी वाचला: वरील बारा दिवसांची दुपारची ड्यूटी प्रत्यक्षात कोणी केली, त्याची नोंद होती. त्याखाली बाईंनी सही केली.

डिसेंबरातल्या यादीत मैत्रिणीचे नाव नव्हते. बाईंचे त्या यादीवर मत घेतले जात असे. ते काय होते, हे मला कळले नाही. मैत्रिणीने विचारले नाही आणि बाईंनी सांगितले नाही.

बहीण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. वृद्धाश्रमातून तिने बिनपगारी रजा घेतली होती. मुलगी नवऱ्याकडे होती. विद्यार्थिनीचा युनिफॉर्म तिने मुलुंडच्या शिंप्याकडे शिवायला टाकला. शिंप्याने माप घेऊन विचारले, मुलगी कितवीला आहे. "मलाच हवाय," ती म्हणाली. त्याने फितीकडे पाहिले आणि माप पुन्हा घेतले.

मैत्रिणीला ती पहिल्याच दिवशी भेटली. मी दोघींना रुग्णालयाच्या फाटकाशी सोडले. परत आल्यावर तिचे डोळे लाल होते. काय बोलणे झाले, ते तिने सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "तिला वाटलं होतं मी तिकडची होऊन जाडी झाले असेन. बघून म्हणाली, तू तर वाळलीस गं."

मनोरुग्णालयात विद्यार्थिनींसाठी वेगळी खोली होती. बहीण तिथेच राहिली. बॅचमध्ये आठ मुली होत्या, एकोणीस-वीस वर्षांच्या. मंगळवारी मी डबा घेऊन गेलो तेव्हा त्या आवारात दोरीवर कपडे वाळत घालत होत्या.

"तुम्ही ताईंचे भाऊ?" एकीने विचारले. "खरं सांगा ना, ताई चौदा वर्षं नापास होतायत का?"

"बारा," बहीण म्हणाली. "आणि तुझं इंजेक्शन बघता तू माझा रेकॉर्ड मोडशील."

मुली हसल्या. तिला सगळ्यांत लहान मुलीच्या हाताखाली काम लावले होते, कारण त्या वॉर्डची यादी तशी लागली होती. ती तिला विचारूनच औषधांच्या ट्रेला हात लावत असे.

त्या दिवशी दुपारी बायकांच्या वॉर्डात जेवण झाल्यावर एक चमचा कमी निघाला. तिथला नियम असा की जेवणानंतर चमचे मोजून घ्यायचे आणि आकडा जुळेपर्यंत वॉर्डाचे दार उघडायचे नाही. एकेचाळीस दिले होते, चाळीस परत आले. मी व्हरांड्यात जाळीच्या बाहेर बसलो होतो. मुलींनी गाद्या उलटल्या, ताटे पुन्हा मोजली, बायकांना एकेक करून उभे केले. काही बायका रडू लागल्या. तासभर गेला. बहीण मध्ये उभी राहून नुसती बघत होती. मग ती खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्या बाईकडे गेली आणि तिच्या पाठीमागे बसली.

"मावशी, वेणी घालू?"

बाईने मान हलवली नाही. बहिणीने तिचा अंबाडा सोडला. चमचा त्यात आडवा खोचलेला होता, आकड्यासारखा. तिने तो काढून धाकट्या मुलीच्या हातात दिला आणि वेणी घालून पुरी केली.

"कसं कळलं?" मुलीने विचारले.

"सगळ्या गोंधळात त्या एकट्याच मान वळवत नव्हत्या."

दार उघडले.

बारा दिवस पुरे झाले. नव्या मस्टरमध्ये बहिणीचे नाव मुलींच्या नावांखाली शाईने वेगळे लिहिले होते, आणि त्यापुढे बारा सह्या होत्या, प्रत्येकीखाली रेघ. मेट्रनबाई शेवटच्या दिवशी स्वतः तिथे आल्या आणि पान बघून गेल्या.

फॉर्मच्या शेवटच्या पानावरचा रकाना त्यांनी माझ्यासमोर भरला. गैरहजर दिवस: आजारपण सहा, वडिलांचे निधन बारा. भरून काढले काय: होय, सहा दिवस १९७३ मध्ये, बारा दिवस १९८५ मध्ये. "त्यांना विचित्र वाटेल," मी म्हणालो.

"वाटू दे," बाई म्हणाल्या. "विचारलं तर सांगू."

लखोटा चिकटवून त्यांनी जोडावर सही केली, वर लाखेचा ठसा उमटवला आणि क्लार्कबरोबर रजिस्टर पोस्टाने रवाना केला. पावती त्यांनी रजिस्टरला टाचली. बहीण जानेवारी संपायच्या आत परत गेली.

कौन्सिलने एप्रिलमध्ये एक प्रश्न विचारणारे पत्र बाईंना पाठवले: दोन तारखांमध्ये बारा वर्षांचे अंतर कसे? बाईंनी त्याचे उत्तर एका पानात दिले. त्याची प्रत मला दाखवली नाही. मे महिन्यात, फाइल बंद होण्याच्या नऊ दिवस आधी, बहिणीला परीक्षेला बसण्याची परवानगी मिळाली.

ती ऑक्टोबरात परीक्षेला बसली. नोंदणी क्रमांकाचे पत्र डिसेंबरात आले. त्याच महिन्यात रुग्णालयाची नवी यादी लागली आणि मैत्रीण सिस्टर इन्चार्ज झाली. १९८६ च्या फेब्रुवारीत बहिणीला तिथल्या एका रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात नेमणूक मिळाली. पहिल्या आठवड्याची पाळी तिने पत्रात कळवली होती. सकाळची, सात ते तीन.